क्यू कोण देणार?

महोदय,

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की शाळा-महाविद्यालयांत आधी भूमिका वाटल्या जातात आणि उरलेली मुले 'बॅकस्टेज'ला टाकली जातात. प्रकाशयोजना भाड्याच्या लाइटवाल्याकडे, पार्श्वसंगीत कुणाच्या तरी मोबाइलमध्ये, नेपथ्य आदल्या रात्री. मग 'तांत्रिक अंगे कच्ची' हा परीक्षकांचा शेरा ठरलेला. कुणाचे काम काय, हेच शेवटपर्यंत ठरत नाही. उलट आपल्या गावच्या उत्सवी नाटकांत पडदा ओढणारा वर्षानुवर्षे एकच असतो, त्याला घंटा शिकवावी लागत नाही.

पहिल्या वाचनालाच रंगमंच व्यवस्थापक, म्हणजे प्रयोगभर पडद्यामागचे सगळे सांभाळून क्यू देणारा एकजण, नेमावा आणि त्याला भूमिका देऊ नये. एका प्रवेशापुरता हवालदारसुद्धा नको. नेमके त्याच प्रवेशात टेबल अडकते. त्याची संहितेची प्रत वेगळी हवी. मजकूर एका बाजूला, समोरचे पान कोरे. त्यावर पेन्सिलीने क्यू, म्हणजे दिवा वा आवाज नेमका कधी द्यायचा त्याचे इशारे, लिहावेत : प्रकाशाचे आकड्यांत आणि ध्वनीचे अक्षरांत, म्हणजे घाईत गल्लत होत नाही. प्रत्येक क्यूच्या दोन-तीन वाक्ये आधी 'तयार' अशी खूण हवी.

सर्वांत जास्त फसते ती दाराची बेल. नट दार उघडतो आणि मग बेल वाजते. क्यू एखाद्या शब्दावर लिहिलेला असतो आणि नट नेमके तेच वाक्य गाळतो. असा क्यू हालचालीवर बांधावा : कप खाली ठेवला की बेल. ती वाजल्याशिवाय वळायचे नाही, हे नट आणि ध्वनीवाल्याने समोरासमोर ठरवावे. ध्वनी मोबाइलवरूनच द्यायचा तर फ्लाइट मोडवर आणि वायरने, नाहीतर करुण प्रसंगात कुणाच्या तरी आईचा फोन सभागृहभर घणघणतो.

दहा सेकंदांचा ब्लॅकआउट प्रेक्षकांना मिनिटाएवढा वाटतो. त्यात 'सगळे मिळून उचलू' चालत नाही. टेबलाला दोघे, खाटेला दोघे, खुर्च्यांना एक. आत यायची विंग (रंगमंचाच्या बाजूची आडोशाची वाट) वेगळी, बाहेर जायची वेगळी, आणि सामानाच्या प्रत्येक पायाच्या जागी अंधारात चमकणाऱ्या रेडियमची बोटभर पट्टी. आधी उजेडात, मग अंधारात, घड्याळ लावून पाच-पाच वेळा करून बघावे.

शाळेच्या हॉलात 15 अँपिअरच्या सॉकेटवर 1000 वॉटचे तीनच दिवे घ्यावेत. चौथ्याने भार 17 अँपिअरच्या वर जातो आणि एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) पडू शकतो, तोही बहुधा शेवटच्या प्रसंगात, कारण सगळे दिवे तेव्हाच पूर्ण उजळतात. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) आणि साउंड एकाच लाइनवर नकोत, स्पीकर गुणगुणतो.

तालमीच्या खोलीत रंगमंचाचे खरे माप खडूने आखावे. वर्गात चार पावलांत होणारी एंट्री फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात आठ पावलांची झाली की पहिली दोन वाक्ये चालण्यातच जातात.

आयोजकांना विनंती : प्रवेशिकेत रंगमंच व्यवस्थापकाच्या नावाचा रकाना ठेवावा आणि स्पर्धेच्या दिवशीच्या सूचना त्यालाच द्याव्यात. तिसऱ्या घंटेनंतर दिग्दर्शकाने प्रेक्षागृहात बसावे. तो विंगेतून हातवारे करू लागला की लाइटवाल्याला दोन मालक होतात.

— काही नाट्यशिक्षक, फोंडा