मनू, पंप इथेच राहिलाय

लालबाग, मंगळवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दम्याचा पंप इथेच राहिलाय. कासचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलंयस ना, त्याच्या मागे. सकाळी केर काढताना आईला सापडला. तिने तो माझ्या हातात दिला, बोलली काहीच नाही. बडोद्याला दुसरा घेतलास असं तू तिला फोनवर सांगितलंस म्हणे. मला सांगितलं नाहीस. शनिवारी रात्री मी ज्या आवाजात बोललो, त्यानंतर कशाला सांगशील?

पण मनू, रात्री बारा वाजता खिडक्या लावलेल्या, टर्पेंटाइनची बाटली उघडी, आणि तू त्या हिरव्यावर ब्रश फिरवत खोकत होतीस. तो खोकला माझ्या ओळखीचा आहे. 31 वर्षं छापखान्यात काढली, रॉकेलने रोलर धुतले. आमचे मशीनवरचे मास्तर शेवटी शेवटी दोन पायऱ्या चढले की कठडा धरून उभे राहायचे. त्यांना दमा नव्हता. तुला तिसरीपासून आहे.

हे लिहायचं नव्हतं. चित्राबद्दल लिहायला बसलोय.

तू गेल्यावर ते मी दिवसाच्या उजेडात, गॅलरीत नेऊन पाहिलं. मनात कायम होतं की गेल्या वर्षीची ती फुलं बघायची सहल माझ्यामुळे वाया गेली. सप्टेंबरात निघायचं होतं, पण दिवाळी अंकांची कामं आली आणि रजा पुढे गेली. पठारावर पोचलो तेव्हा ऑक्टोबर लागला होता. कासच्या जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. पाऊस थांबला की तिच्यात पाणी टिकत नाही, गवत भराभर पिवळं पडतं. सोनकी सुकलेली, तेरडा कुठेतरी एखादा. सीतेची आसवं तर तू शोधशोध शोधलीस. खंबाटकीपासून कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, पुऱ्यांचा डबा तसाच परत आला. तू एकटीच त्या वहीत काहीतरी खरडत बसलीस. मला वाटलं, रागावलीय.

आणि चित्रात बघतो तर तेच वाळकं गवत! तांबूस, मध्येच राखाडी, खडकाच्या खळग्यात उरलेलं पाणी. त्यात आजी पाठमोरी बसलेली. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, 'देवाची जागा आहे, पायात घालू नका' म्हणाली होती, तशाच. तिच्या टाचेच्या भेगासुद्धा आहेत. मी त्या दिवशी तिच्या शेजारीच उभा होतो, पण फुलं नाहीत एवढंच बघत होतो.

छपाईचं भिंग लावून पाहिलं, सवयच ती. आमच्या छपाईत भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात, निळे, मॅजेन्टा, पिवळे, काळे. तुझ्या कोपऱ्यातल्या एकुलत्या एका तेरड्याच्या गुलाबीत ब्रशचा केस अडकलाय आणि खालून निळा डोकावतो. तो निळा कुठून सुचला तुला? सीतेच्या आसवांचा जांभळा चार शाईंत कधी धड उतरत नाही. किती कॅलेंडरं केली आम्ही, दरवेळी मळकट. तो न सापडलेला जांभळाच तू गुलाबीच्या खाली घातलास का? चुकत असेन तर सांग.

कासला जाताना गाडीत तू त्या फ्रेंच चित्रकाराचं, मोनेचं सांगत होतीस. 1890च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याने घराजवळच्या शेतातल्या गवताच्या गंज्या काढायला घेतल्या, उजेड बदलला की दुसरा कॅनव्हास, अशी पंचवीसेक चित्रं. मी म्हटलं, गवत बघायला कशाला पैसे खर्चून जायचं? ते मी परत घेतो. त्या दिवशी तू गवतच बघत होतीस.

आता पुन्हा तेच लिहितोय, राग मानू नकोस. ब्रश आधी तेलाने पुसून साबणाने धुतले तर टर्पेंटाइन फार लागत नाही. वास नसलेल्या थिनरवरही विसंबू नकोस, वास नसला तरी वाफ असतेच. जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नकोस, आपोआप तापून पेट घेतात. आमच्याकडे त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा असायचा. किंवा काही दिवस जलरंगच का करत नाहीस... बघ, भाषण सुरू झालं. माफ कर. कोणत्या रंगात काम करायचं ते तुझं तू ठरव.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. आजीचं ते इरकल लुगडं श्रावणातच आत्याकडे गेलं, म्हणजे तो हिरवा तू आठवणीतून शोधत होतीस. म्हणूनच थांबत नव्हतीस. रंगाची शेड लागेपर्यंत मशीन उभं ठेवतो म्हणून मालकाची बोलणी खाणारा मी, आणि तुझ्यावर त्याच कारणासाठी ओरडलो. सकाळी स्टेशनवरही आलो नाही. गॅलरीतून टॅक्सी वळेपर्यंत बघत होतो.

काल आत्याला फोन केला. तिने इरकलाच्या आतल्या बाजूची दोन बोटं चिंधी कापून दिली. पंपाच्या पाकिटात घालून पाठवतोय. चित्र दिवाळीला आलीस की घेऊन जा, तोवर त्याला ऊन लागू देत नाही. शेड ट्यूबलाइटखाली लावू नकोस, फसशील. सकाळी खिडकीपाशी उभी राहून लाव, खिडकी उघडून. तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे, आणि पूर्ण उघडते का, तेवढं कळव.

तुझे
बाबा