‘पुनर्जन्म’ नव्हे, ‘नवा जन्म’

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बाप्तिस्म्यावरचा लेख आवडला. मात्र त्यात ख्रिस्ती धर्मातील ‘नव्या जन्मा’साठी ‘पुनर्जन्म’ हा शब्द ज्या सैलपणे वापरला आहे, त्याने वाचकाचा घोटाळा होतो. आपल्याकडे पुनर्जन्म म्हटला की मरणानंतरचा दुसरा देह आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा डोळ्यांपुढे येतो. बायबलला तो अभिप्रेत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (९:२७) माणसाला एकदाच मरायचे असून त्यानंतर न्याय आहे, असे स्पष्ट म्हटले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), शास्त्र जाणणारा वयस्क गृहस्थ, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो, तेव्हा या नव्या जन्माचा विषय निघतो. तेथील ‘अनोथेन’ या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन अर्थ होतात. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि म्हाताऱ्याने आईच्या उदरात परत शिरावे कसे, असे विचारतो; येशू मात्र पाणी व आत्मा यांपासून होणाऱ्या जन्माबद्दल बोलतो. याच अध्यायाच्या ३१व्या वचनात तोच शब्द निःसंशय ‘वरून’ या अर्थाने आला आहे. म्हणजे हा जन्म कितव्यांदा होतो यापेक्षा तो कोठून येतो, हे महत्त्वाचे. इस्राएलाचा गुरू असूनही तुला हे समजत नाही, असे येशू त्याला सुनावतो, त्यालाही कारण आहे: शुद्ध पाणी शिंपडून, दगडाचे हृदय काढून नवे हृदय व नवा आत्मा देण्याचे वचन जुन्या करारातील यहेज्केलाच्या ग्रंथात (३६वा अध्याय) आधीच होते. पुढे वाऱ्याचा दृष्टान्त येतो, कारण ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना ‘प्न्यूमा’ हा एकच शब्द आहे. (अंगात ‘वारे’ येते असे म्हणणाऱ्या आपल्या गावांत हा श्लेष समजावा लागू नये!)

हा जन्म केव्हा होतो, यावर मात्र ख्रिस्ती मंडळींतच मतभेद आहेत. कॅथलिक परंपरा तो बाप्तिस्म्यात, बहुधा तान्हेपणीच, झाला असे मानते. गोव्यात ज्यांना ‘बिलिव्हर’ म्हणतात, ते जाणत्या वयातील पश्चात्ताप व विश्वास यांवर भर देतात. लेखात ही दुसरी बाजू आलीच नाही.

तुलनाच करायची, तर ‘द्विज’ हा शब्द अधिक जवळचा, कारण तोही याच देहातला दुसरा जन्म आहे. फरक असा की त्याला वर्णाची अट असे, येथे ती नाही.

१६१६ साली याच गोव्याच्या भूमीत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले. त्या परंपरेतल्या वाचकांसाठी शब्द पारखून घ्यावेत आणि पुढील पुरवणीत ‘पुनर्जन्मा’ऐवजी ‘नवा जन्म’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा, गोवा