नळी चार इंच आखूड, दाम मात्र पूर्ण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(परदेशी सफारी व शिकार सहली), मुंबई

विषय : नामिबियात रानरेड्याच्या शिकारीसाठी भाड्याने दिलेली .३७५ रायफल व काडतुसे लेखी कबुलीप्रमाणे नसल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीमार्फत मी यंदा जुलैमध्ये नामिबियाच्या झांबेझी प्रांतात, म्हणजे पूर्वीच्या कॅप्रिव्हीत, जाऊन आलो. विमान, व्हिसा, विंडहोकहून पुढचा प्रवास, तंबू, जेवण यांतल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. कॅम्पवरच्या आचाऱ्याचं तर नाव काढावं तेवढं थोडं. तक्रार आहे ती ज्या कामासाठी गेलो त्या कामाच्या हत्याराची.

बुकिंग करताना मी आपल्या प्रतिनिधींना ईमेलवर तीन गोष्टी स्पष्ट विचारल्या होत्या. रायफल .३७५ एच अँड एच मॅग्नमच (हॉलंड अँड हॉलंडचं, .३७५ इंच व्यासाच्या गोळीचं काडतूस) असेल ना? नळी किमान २४ इंच असेल ना? आणि काडतुसं ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सॉफ्ट म्हणजे लागताच फुलणारी आणि सॉलिड म्हणजे न फुलता खोल घुसणारी, दोन्ही एकाच ठिकाणी लागणारी मिळतील ना? तिन्हींना मिळून एका ओळीचं उत्तर आलं : "होय सर, सगळं अरेंज केलं आहे." त्या ओळीवर विसंबून मी रायफलीचं भाडं आणि काडतुसांचे पैसे आगाऊ भरले. ईमेल आणि पावती सोबत जोडली आहे.

हे प्रश्न हौस म्हणून विचारले नव्हते. आमच्या घरी परवान्याची इशापूरची .३१५ रायफल आहे, रेंजवर माझं नियमित जाणं असतं, आणि नामिबियाचा नियम मी निघण्याआधी वाचला होता. तिथे जनावरागणिक गोळीच्या ऊर्जेची किमान मर्यादा ठरलेली आहे, तीही नळीच्या तोंडाशी मोजलेली. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणांना १,३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स, ईलँड या मोठ्या हरणांना २,७०० आणि रानरेडा, हत्ती यांना ५,४००. पास-नापासचा प्रश्न आहे, मधे काही नाही.

आता .३७५ एच अँड एच. १९१२ पासून चालत आलेलं हे काडतूस. लांब, निमुळतं आणि बुडाशी पट्टा असलेलं. ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी कारखान्याच्या आकड्याप्रमाणे २४ इंची नळीतून सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास निघते. हिशेब केला तर पावणेसहा हजार ज्यूल होतात. मर्यादेच्या वर आहे, पण ऐसपैस नाही. ५,४०० ज्यूलला त्याच गोळीचा वेग ७४५ लागतो. म्हणजे हातात शिल्लक फक्त पंचवीस मीटरची. नळी एकेक इंच कापली की दर इंचामागे या वर्गाच्या काडतुसात साधारण सात ते नऊ मीटर वेग जातो, कारण दारू पूर्ण जळून गोळीला रेटायला तेवढी जागाच उरत नाही. तीन-चार इंच गेले की शिल्लक संपली. नळीची लांबी मी का विचारत होतो, ते आपल्या लक्षात यावं.

पहिल्या सकाळी नेम तपासायला रायफल हातात आली तेव्हाच ती मला डोळ्यांना ठेंगणी वाटली. नळीच्या टोकाला ताजे आटे पाडलेले, वर पितळी टोपी. मी बोल्ट काढून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तो पुन्हा बंद केला, साफसफाईची सळई तोंडाकडून बोल्टला टेकेपर्यंत आत सोडली, तोंडाशी नखाने खूण धरली आणि टेपवर मोजलं. २० इंच. कारखान्यातून २४ ची आलेली नळी सायलेन्सर बसवण्यासाठी कापली होती. नामिबियात सायलेन्सर कायदेशीर आहे, सर्रास वापरतात, त्यात वावगं काही नाही. गंमत अशी की ज्याच्यासाठी नळी कापली तो सायलेन्सर कॅम्पवर नव्हताच, आधीच्या पाहुण्यांबरोबर दुसऱ्या कॅम्पला गेला होता! म्हणजे वेग गेला, तोंडाशी भडका वाढला, कानठळ्या बसल्या आणि बदल्यात मिळालं काय, तर पितळी टोपी.

काडतुसांचे दोन डबे होते. एकात ३०० ग्रेनची सॉलिड, दुसऱ्यात २७० ग्रेनची साधी सॉफ्ट. मी मागितलेली ३०० ग्रेनची, आतलं शिसं आवरणाला घट्ट बांधलेली सॉफ्ट एकही नाही. रेड्यावर पहिली गोळी अशी सॉफ्ट घालतात, कारण सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करू शकते, आणि कळपात मागे जनावर असतंच. त्यानंतरच्या गोळ्या सॉलिड, कारण पळणाऱ्या रेड्यावर मागून किंवा तिरकी मारावी लागली तर खोलवर घुसणारी हवी. या दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागल्या तरच या क्रमाला अर्थ आहे. आपल्या डब्यांतली सॉलिड शंभर मीटरवर सॉफ्टपेक्षा तीन बोटं खाली लागत होती. मग दुर्बीण कोणत्या डब्यासाठी जुळवायची?

आमच्या शिकारी मार्गदर्शकाकडे गोळीचा वेग मोजणारं यंत्र होतं. सॉलिड सरासरी सेकंदाला ७३५ मीटर निघाली, २७० ग्रेनची ७८२. पहिलीचे ५,२५० ज्यूल, दुसरीचे ५,३५०. दोन्ही मर्यादेखाली. त्याने यंत्र बंद केलं, माझ्याकडे रायफल परत दिली आणि सांगितलं की कुडूसाठी ही चालेल, रेड्यासाठी मी माझा परवाना पणाला लावणार नाही. त्याचं बरोबर होतं. कागदावर सही त्याची असते.

इथे एक प्रामाणिकपणे सांगतो. पन्नास मीटरवर उभ्या रेड्याला ७३५ आणि ७७० यांतला फरक कळला असता असं मला वाटत नाही. मोपानेच्या दाट झाडीत, गाडीतून चढता-उतरता आखूड नळी सोयीचीच असते. त्याच रायफलीने मी पुढे कुडू एका गोळीत टिपला, तेव्हा रायफल टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. पण नियम रेड्याच्या मताने ठरत नाही, आणि मी आपल्याशी केलेला करार तर नाहीच नाही. आखूड नळीच द्यायची होती तर २००७ मध्ये आलेलं .३७५ रुगर हे काडतूस आहे. त्याच्या रुंद कवचात दारू जास्त मावते आणि आखूड नळीतूनही ते एच अँड एचच्या जवळपास जातं. तसं विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं.

मार्गदर्शकाने अखेर स्वतःची .४१६ रिग्बी देऊ केली. उत्तम रायफल, ४०० ग्रेनची गोळी, सुमारे ६,९०० ज्यूल, पण तिचा धक्का .३७५ च्या कितीतरी वर. परक्या मापाच्या दस्त्याची रायफल खांद्याला बसायला सराव लागतो आणि त्याच्याकडे काडतुसं मोजकीच होती. शिवाय तिचं भाडं वेगळं, काडतुसाला पैसे वेगळे. ते मी पदरमोड करून भरले. या सगळ्या घोळात जो कळप सुरुवातीला कॅम्पच्या टप्प्यात चरत होता, तो लिन्यांतीची दलदल ओलांडून बोत्सवानाच्या हद्दीत गेला. कळप परतला नाही, आणि मी रेड्यावर गोळी न झाडता घरी आलो. शिकारीत रिकाम्या हाती परतणं हे चालायचंच, त्याची भरपाई मी मागणार नाही. हातचा वेळ रायफलीच्या शोधात गेला, त्याची मात्र मागणार.

परतल्यावर फोन केला तर आपल्या प्रतिनिधींचं उत्तर : "सर, ३७५ म्हणजे ३७५च. पुढच्या वेळी तुम्ही सरळ .४५८ घ्या, ती आखूड नळीतही चालते." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या आखूड कवचात दारू इतकी ठासून भरावी लागे की ती घट्ट गोळा होऊन कधीकधी नीट जळत नसे. वेग कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसराच. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने शिकारी-लेखक जॅक लॉट यांना जखमी केलं, आणि त्यानंतर त्यांनी लांब कवचाचं .४५८ लॉट तयार केलं. आता दारू सुधारली आहे, पण हा इतिहास माहीत असलेला माणूस "आखूड नळीतही चालते" हे वाक्य इतक्या सहज बोलणार नाही. रायफल भाड्याने देण्याचे पैसे घेता, तर फोनवर बसणाऱ्याला नळी आणि काडतूस यांचं नातं तरी ठाऊक असावं. निदान ठाऊक असलेल्याला विचारून उत्तर देण्याची सवय असावी.

माझ्या मागण्या अशा आहेत. रायफलीचं भाडं आणि काडतुसांची पूर्ण रक्कम परत मिळावी. .४१६ साठी मी तिथे भरलेले पैसे, मार्गदर्शकाच्या सहीच्या पावतीप्रमाणे, मिळावेत. रेड्यासाठी ठरलेल्या दिवसांपैकी जे रायफलीच्या घोळात वाया गेले, त्यांचा दैनिक आकार परत व्हावा. कुडूच्या दिवसांचा मी मागत नाही. आणि आपल्या माहितीपत्रकात ".३७५ रायफल समाविष्ट" एवढंच न छापता नळीची खरी लांबी, गोळीचं वजन आणि प्रकार, आणि सायलेन्सर प्रत्यक्ष जागेवर आहे की नाही, हे लिहावं. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी आता आपल्यामार्फत जातात. त्यांतला प्रत्येक जण टेप घेऊन जात नाही.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांवरून कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, तेव्हा "मुंबईच्या न्यायकक्षेत" ही आपल्या पावतीच्या मागची बारीक ओळ दाखवू नये. उत्तर फोनवर नको, कागदावर किंवा ईमेलवर हवं.

सोबत बुकिंगचा पत्रव्यवहार, दोन्ही पावत्या, टेप लावलेल्या नळीचा फोटो, दोन्ही डब्यांवरच्या लेबलांचे फोटो आणि वेगाच्या नोंदींचा मार्गदर्शकाने सही केलेला कागद जोडला आहे. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

कळावे,

आपला ग्राहक,
कोल्हापूर