चुंबक-प्रयोगसंचातील उलट ध्रुवखुणा व पुस्तिकेतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी शाळेत विज्ञान शिकवते. चुंबकाचे गुणधर्म मुलांना हाताळून कळावेत म्हणून आम्ही आपल्या कंपनीचे प्रयोगसंच मागवले. त्यातील काही पट्टी चुंबकांवर ध्रुवांच्या खुणा चक्क उलट आहेत.

मोकळा टांगलेला चुंबक दक्षिणोत्तर स्थिरावतो, हे दाखवायला आम्ही एक चुंबक दोऱ्याला बांधला. लोखंडी बाके, खिडकीचे गज यांपासून लांब टांगूनही त्याचे ‘उत्तर’ लिहिलेले टोक दक्षिणेकडेच वळत राहिले. शाळेतील जुन्या चुंबकाच्या उत्तर ध्रुवाजवळ नेताच ते टोक दूर जाण्याऐवजी ओढले गेले. तरीही अनेक मुलांनी वहीत लिहिलेले निरीक्षण खोडले आणि पट्टीवर जे छापले होते तेच लिहिले. मला सर्वांत जास्त राग याचा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि छापलेले खरे, असे मुलांना वाटू लागले तर प्रयोग करायचेच कशाला?

एका संचातील पट्टी तर चुंबकच नाही. तिची दोन्ही टोके दुसऱ्या चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांकडे ओढली जातात, प्रतिकर्षण (दूर ढकलले जाणे) कुठेच होत नाही, लोहकीसही तिला चिकटत नाही. तो रंगवलेला लोखंडाचा तुकडा आहे. साधे लोखंडही चुंबकाकडे ओढले जाते, म्हणून प्रतिकर्षण हीच चुंबकाची खरी कसोटी. आपल्या पुस्तिकेत मात्र ‘जे आकर्षित होते ते चुंबक’ असे छापले आहे!

त्याच पुस्तिकेत ‘चुंबक धातूंना ओढतो’ असेही वाक्य आहे. लोखंड, निकेल, कोबाल्ट ठीक; पण आपल्याच संचातील तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची पट्टी जागची हलत नाही. चुंबक मधोमध तोडल्यावर एका तुकड्यात उत्तर ध्रुव आणि दुसऱ्यात दक्षिण ध्रुव दाखवणारी आकृती तर पूर्ण चुकीची आहे. कितीही तुकडे केले तरी प्रत्येकाला दोन्ही ध्रुव असतात. एकटा ध्रुव मिळत नाही. हाच भाग मुलांना सर्वांत नवलाचा वाटतो, आणि नेमका तोच बिघडवला आहे.

चुंबक सजातीय (म्हणजे सारखे) ध्रुव शेजारी ठेवून भरले होते, टोकांना मऊ लोखंडाचे तुकडेही नव्हते. असे ठेवले की चुंबकत्व हळूहळू कमी होते, हे चुंबक विकणाऱ्यांना माहीत असायलाच हवे.

सदोष चुंबक बदलून द्यावेत. पुस्तिका दुरुस्त करून, हे संच ज्या ज्या शाळांत गेले तिथे शुद्धिपत्र पाठवावे. केवळ आमचे पैसे परत करून हा विषय मिटवू नये. इतर वर्गांतील मुले आजही तीच आकृती वहीत उतरवत असतील. सदोष पट्ट्या व पुस्तिकेच्या पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका