पी.टी.चा तास तेवढा सोडा

संपादक महोदय,

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतील, वर्गावर्गांत नवं वेळापत्रक लागेल. ते आखणाऱ्यांच्या नजरेस पडावं म्हणून हे पत्र.

मी नागपुरात फिजिओथेरपी शिकते. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमातले शेवटचे 6 महिने इंटर्नशिपचे असतात. त्यातले 3 आठवडे मी दक्षिण नागपुरातल्या एका समाजभवनाच्या अंगणात 8 ते 12 वर्षांच्या मुलांना व्यायाम शिकवला. वेळ सकाळी साडेसहाची, कारण मे महिन्यात नऊनंतर त्या फरशीवर पाय ठेववत नाही.

पहिल्या दिवशी मी तक्ता घेऊन गेले. स्ट्रेचिंग, 30 सेकंद होल्ड, मोठ्यानं आकडे. दहा मिनिटांत अर्धी पोरं पाण्याच्या बाटल्यांकडे! कॉलेजच्या प्रात्यक्षिकात मला याच तक्त्यावर चांगले गुण पडले होते.

दुसऱ्या दिवशी खडूनं चौकोन आखला आणि लंगडी लावली. साधारण पाच वर्षांचं मूल एका पायावर उड्या मारतं, असं आम्ही शिकतो. इथे दहा वर्षांच्या काहींना सलग 5 उड्या जमेनात. कंबर एकीकडे झुकायची, गुडघा आत वळायचा, की दुसरा पाय टेकलाच. आजार काही नाही, सवयच नाही. उकिडवं बसा म्हटलं की टाचा वर. घरी कमोड, शाळेत बाक, संध्याकाळी सोफा आणि मोबाईल. पोटऱ्या आखडणार नाहीत तर काय!

त्यांच्यात वॉकर घेऊन चालणारा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेला एक मुलगा होता. मी आपली सोय बघून त्याला पंच केलं. दोन दिवस त्यानं शिट्टी वाजवली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, मले नाई वाजवाची शिट्टी. मले बी खेळाचं हाय." मला काही सुचेना. तोडगा मुलांनीच काढला: त्याच्यावर राज्य आलं की बाकीच्यांनी लंगडत पळायचं आणि त्यानं वॉकरसकट धरायचं. पहिल्याच डावात त्यानं तिघांना बाद केलं. त्या डावात बाकीच्यांच्या पायांना जेवढा व्यायाम झाला, तेवढा माझ्या तक्त्यानं आठवडाभरात झाला नसता.

तीन आठवड्यांत चमत्कार झाला नाही. पाचव्या उडीला अडणारी एक मुलगी विसावर गेली, एवढं खरं.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. मी मुलांना विचारलं, शाळेत पी.टी.च्या तासाला काय करता? बरीच उत्तरं एकसारखी आली: "गणिताचे सर येतात." परीक्षा जवळ आली की हा तास उसना जातो आणि परत मिळत नाही. काही शाळांच्या मैदानात आता गाड्या उभ्या असतात, ते वेगळंच.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की हा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. आणि शहरातल्या फिजिओथेरपी कॉलेजांनी आम्हा इंटर्नना महिन्यातून एक सकाळ जवळच्या शाळेत पाठवावं. आम्हाला शिकायला मिळेल, मुलांच्या पाठी-गुडघ्यांकडे वेळेत कुणाचं लक्ष जाईल. खर्च म्हणाल तर खडूचा.

— एक फिजिओथेरपी इंटर्न, नागपूर