वानर फळ नेतं, भुंगा झाड नेतो

डोंबिवली, २० मे

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो दादाने मोठे करून दाखवले. कौलांवर वानर बसलेत, अंगणभर फणसाचा चोथा, आणि खाली तुझा प्रश्न, "आई, यांचा बंदोबस्त कसा करू?" वानरांचं मग बघू. मला खुपला तो मागे दिसणारा विहिरीकडचा माड. त्याच्या वरच्या झावळीला कात्रीने कातरल्यासारखे त्रिकोणी काप आहेत. ते काम गेंड्या भुंग्याचं. वानर फळ नेतं, भुंगा झाड नेतो, म्हणून आधी माडाचं.

गेंड्या शेंड्यातल्या मिटलेल्या सुरळीत शिरतो, कोवळं चावतो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. सुरळी उलगडल्यावर आपल्याला काप दिसतात, तोवर त्याचं जेवण कधीच उरकलेलं असतं. नारळ पाडायला गडी येईल तेव्हा त्याला शेंडा नीट बघायला सांग. चोथा ताजा असला तर भुंगा आत आहे. तारेच्या आकड्याने ओढून काढता येतो. मग वरच्या बेचक्यांत दोन-तीन डांबरगोळ्या टाकून वर वाळू घालून घे. पण वर कितीही केलंस तरी त्याची पैदास खाली आपल्याच गायरीत चाललेली असते. शेणाचा ढीग फावड्याने उलट, अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या वळलेल्या अळ्या निघतील. शेजारच्या कोंबड्या सोड त्यांच्यावर, तासाभरात साफ करतात. दर दोन महिन्यांनी ढीग उलटायचा. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाच्या बुरशीची पावडर मिळते, ती ओलसर खतात मिसळ. आणि गोठ्यामागे पडलेला माडाचा कुजका ओंडका मृगाच्या आत तिथून हलव. त्यातही हाच प्रकार असणार.

एवढं का सांगते? गेंड्याच्या जखमेवर सोंड्या भुंगा येतो, आणि सोंड्याची अळी खोड आतून पोखरते. खोडाला भोकं आणि त्यातून तांबूस-तपकिरी चिकट पाणी दिसलं तर कान लावून बघ, आत कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा सुकायला लागला की माड गेलाच म्हणून समज. म्हणून हिरवी झावळ खोडालगत तोडू द्यायची नाही, चार फूट देठ राखायचा. चढायला सोपं म्हणून खोडाला खाचा पाडणारे असतात, त्यांना आगरात घेऊच नकोस.

देठाजवळ भोक पडलेले नारळ खाली मिळतात ते मात्र उंदरांचे. खोडाला पुरुषभर उंचीच्या वर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा बसवून घे. शेजारच्या माडाची झावळ टेकत असेल तर पट्ट्याचा उपयोग शून्य, उंदीर तिकडून येतो. विहिरीपाशी धामण दिसली तर ओरडून माणसं गोळा करू नकोस. उंदीर खायला तिच्याइतकं कुणी नाही.

पडवळ, काकडी वाकडी होऊन सडते ती फळमाशीमुळे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यासाठी लावतो तोच आहे, फक्त आतलं आमिष वेगळं. आंब्याला मिथाइल युजेनॉल, वेलभाज्यांना क्यू ल्युअर. दुकानदार हाताला येईल ते देतो, तेव्हा नाव विचारून घे. सापळ्यात नुसते नर अडकतात. सडकी फळं रोज उचलून दोन फूट खोल पुरली नाहीस तर सापळा शोभेचा. गायरीत तर मुळीच टाकू नकोस.

पावसात शंखी गोगलगायी भाजीची रोपं रातोरात फस्त करतात. चुन्याची रेघ कोकणच्या पावसात टिकत नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट पसर, खाली पपईच्या साली ठेव, सकाळी सगळ्या त्याखाली मिळतात. हाताला पिशवी बांधून उचल आणि मिठाच्या पाण्यात टाक. मीठ वाफ्यात टाकू नकोस.

डुकरांसाठी वरच्या अंगाचा गडगा भात पोसवायच्या आत नीट करून घे, ती नेहमी ढासळलेल्या जागेनेच येतात. कुणी घरातल्या लाइटची तार कुंपणाला जोडून देतो म्हणाला तर त्याला सरळ घरी पाठव. त्या तारेला चिकटून माणसं मरतात, आणि तो गुन्हाही आहे. सौर कुंपण वेगळं, त्याचा झटका क्षणभराचाच असतो, पण आपल्या एवढ्याशा आगराला तो खर्च झेपायचा नाही.

आता वानर. सुतळी बॉम्बला चार दिवस घाबरतात, पाचव्या दिवशी फांदीवर बसून बघत राहतात. छपरावर आलेल्या फणसाच्या फांद्या छाटून टाक, म्हणजे कौलं तरी वाचतील. परसात हळद, आलं लाव, माडांवर मिरीचे वेल चढव. याच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. केळीचा घड गोणपाटात गुंडाळलास तर काही दिवस चुकतो, पुढे तेही ओळखतात. कुत्रा हा खरा उपाय, आण एखादा गावठी. फक्त रात्री त्याला पडवीत घेऊन दार लाव, आपल्याकडे बिबट्या कुत्री उचलतो.

दादा, वहिनी मजेत. माझ्या गुडघ्याला आराम आहे.

तुझी
आई