वाव, जीम, फा

चि. शबनम,
अनेक दुवा.

तुझा मेसेज वाचला. 'वाव-जीम-फा' या तीन अक्षरांच्या अरबी धातूचा एक अर्थ घोडा-उंट भरधाव जाणं, दुसरा काळीज थरथरणं, आणि दोन्ही पाठ करून या असं सांगितलंय म्हणून वैतागली आहेस. पाठ करूच नकोस. आधी कुराणात तो कुठे येतो ते बघ. दोनच तर जागा आहेत.

पहिली हश्र सुरेत (म्हणजे अध्यायात), सहावी आयत (म्हणजे ओवी): 'अवजफ्तुम'. मदिनेजवळची बनू नझीर टोळी इ.स. ६२५ मध्ये वेढा पडल्यावर लढाईविनाच निघून गेली. तिच्या मालमत्तेसाठी तुम्ही ना घोडे दौडवलेत ना उंट, असं आयत म्हणते. म्हणून ती लुटीसारखी लढणाऱ्यांत वाटायची नाही. आपल्याकडे पळण्याचं पळवणं होतं, तसं तिथे 'वजफ'चं 'अवजफ'. आणि 'वजीफ' म्हणजे त्या जनावरांची वेगाची चाल. (वजिफ्याशी घोळ घालू नकोस. त्यात जीमऐवजी 'ज़ोय' हे अक्षर आहे, तो धातूच निराळा.)

दुसरी जागा नाझिआत सुरेत, आठव्या आयतीत. पण ती एकटी वाचू नकोस, आधीच्या दोन आयतींसकट मोठ्याने वाच. 'राजिफा', 'रादिफा', मग 'वाजिफा'. आधी हादरवणारी येते, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि मग त्या दिवशी, म्हणजे कयामतीला, काळजं थरथरतात. कानालाच कळतं. 'रादिफा' म्हणजे मागून येणारी. गझलेत काफियामागून येणारा रदीफ याच धातूचा. वर्गात हे सांगितलं नसेल तर कमाल आहे!

मला विचारशील तर हे दोन अर्थ नाहीतच. गाडी धडधडत येते, काळीजही धडधडतं. तिथे आपण कुठे अर्थ मोजत बसतो?

आता कोशाचं. 'लिसान-उल-अरब'मध्ये इब्न मन्ज़ूरने धातू शेवटच्या अक्षरावरून लावलेत, तेव्हा आधी 'फा'च्या बाबात (प्रकरणात) जा आणि तिथे 'वाव' शोध. हान्स वेअरच्या अरबी-इंग्रजी कोशात मात्र सरळ 'वाव'खाली मिळेल. 'अवजफ्तुम'मधला अलिफ बघून अलिफाकडे धावू नकोस. वर्तमानकाळात तर वाव गळूनच जातो: 'यजिफु'. ज़ेर-ज़बर-तश्दीद या उच्चाराच्या खुणा नसतील तर तो 'यजिफ्फु', म्हणजे 'वाळतो', याच्यासारखाच दिसतो. परीक्षेत नेमकं तिथेच पाडतात.

रविवारी फोन करशील तेव्हा नाझिआतच्या पहिल्या पाच आयतींतले धातू काढून ठेव.

तुझे अब्बा